गरम झालं की ओढ जाते: बॅकहो लोडरचा टॉर्क कन्व्हर्टर पुन्हा पुन्हा का बसतो

मार्च उजाडला की हे फोन सुरू होतात आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास त्यांना ऊत येतो. तक्रार बहुतेक वेळा तीच. सकाळी मशीन झकास चालतं, अकरा-बारा वाजले की बकेट ढिगात घुसेनाशी होते, इंजिन ओरडतं पण चाकं ढिम्म. तासभर लिंबाखाली उभं केलं की पुन्हा ठीक. ऑपरेटर अहिराणीत सांगतो, "दादा, तपनं का वढतच नही." मग मालक फोन घेतो आणि त्याचंही वाक्य ठरलेलं असतं: "गेल्या वर्षीच कन्व्हर्टर नवा टाकला होता हो."

मला बोलायचंय ते मालकाच्या या वाक्याबद्दल. ओढ जाणं समजू शकतं, पण दुरुस्तीला पैसा ओतूनही वर्षाच्या आत तीच ओढ परत जाते तेव्हा दुरुस्ती चुकीच्या जागी झालेली असते. खान्देशात उतरवले जाणारे बरेच कन्व्हर्टर माझ्या मते एक तर धडधाकट असतात, नाहीतर दुसऱ्याच्या दुखण्याने मेलेले असतात. ते दुसरं दुखणं बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरमध्ये सापडतं. गंमत म्हणजे उन्हाळ्यात जाणवणारा हा आजार मशीनला हिवाळ्यातच लागलेला असतो.

कोणत्याही कंपनीचं असो, आपल्याकडे सगळ्यांनाच जेसीबी म्हणतात. मी इथे मशीन म्हणेन. पुढे लोडर, मागे बॅकहो आणि मागेपुढे जायला शटल असलेलं, 70 ते 80 हॉर्सपॉवरचं, कन्व्हर्टरवर चालणारं कोणतंही मशीन घ्या, लिहिलेलं लागू पडेल. ठरावीक आकडे मात्र तुमच्या मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

उष्णता येते कुठून

दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवले, एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद फॅनही फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये हवेच्या जागी ऑइल असतं. इंजिनला जोडलेला इंपेलर ऑइल फेकतो, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचं टर्बाइन त्या माऱ्याने फिरतं, आणि मधला स्टेटर परत येणारं ऑइल वळवून पुन्हा इंपेलरच्या फायद्याच्या दिशेने सोडतो. या वळवण्यामुळेच चाकं अडलेली असताना इंजिनचा टॉर्क दुपटीच्या वर जातो. ढिगात घुसताना जी ताकद लागते ती ही.

त्या ताकदीची किंमत उष्णतेत मोजावी लागते. चाकं पूर्ण अडली आणि एक्सलरेटर दाबलेला असला, तर कन्व्हर्टरमधून बाहेर काहीच काम होत नाही. इंजिन जेवढी पॉवर आत ओततं तेवढी सगळी ऑइल तापवते. हिशेब करून बघू. इंजिन त्या वेळी 45 किलोवॅट देत असेल, म्हणजे साधारण 60 हॉर्सपॉवर, आणि गिअरबॉक्समध्ये 16 लिटर ऑइल असेल, तर ते ऑइल सेकंदाला दीड अंशाहून थोडं जास्त तापतं. दहा सेकंद ढिगात तोंड खुपसून रेस धरली की 15-16 अंश चढले. कन्व्हर्टरच्या आतलं थोडं ऑइल तर याहून पुढे गेलेलं असतं. दिवसभरात अशा किती ठोकरा बसतात ते ऑपरेटरलाच विचारा.

ही उष्णता बाहेर काढायचा रस्ता एकच, तो म्हणजे कूलर. आता आपल्या भागाचं गणित लावा. ऑइल 90 अंशांवर ठेवायचं आहे. बाहेर 25 अंश असतील तर कूलरच्या हातात 65 अंशांचा फरक असतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा तोच फरक 45 अंशांवर येतो. म्हणजे नवाकोरा, स्वच्छ कूलरसुद्धा आपल्याकडे उन्हाळ्यात तीसेक टक्के कमी काम करतो. वर जमीन तापलेली आणि इंजिनची स्वतःची गरम हवा बॉनेटखाली घुटमळत असलेली, ते वेगळंच. मशीन बनवणाऱ्याने यासाठी थोडी जागा राखून ठेवलेली असते. पण निम्मा कूलर बुजला की ती जागा संपते.

कापूस, धूळ आणि कूलर

दिवाळीनंतर आपल्याकडची बरीच मशीन जिनिंगच्या आवारात लागतात. धरणगाव, बोदवड, जामनेर, दोंडाईचा, शहादा, कुठेही जा, कापसाचे ढीग लोटायला लोडर असतोच. उडती रुई फॅन आत ओढतो. इंजिनवर कुठेतरी डिझेल किंवा ऑइलचा पाझर असतो, त्याची वाफ कूलरच्या फिन्सवर, म्हणजे पातळ पत्र्यांवर, चिकट थर देते. त्या थरावर रुई बसते, रुईवर काळ्या मातीची धूळ बसते. जानेवारीत धुळ्याला पहाटे थंडीने दात वाजतात, तेव्हा अर्धा बुजलेला कूलरही पुरतो. कुणाला काही जाणवत नाही.

मग एप्रिल-मे येतो आणि तेच मशीन तलावाच्या गाळावर जातं. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेची कामं आहेत, शिरपूर-साक्रीकडे नाला खोलीकरण आहे, शिवाय शेतकऱ्याला मृगाच्या आधी गाळ शेतात पडलेला हवा असतो. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जड काम, वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या महिन्यात, जिनिंगमधून बुजून आलेल्या कूलरवर. ओढ जाणार नाही तर काय होणार?

इथे मालक लोक सांगतात, "कूलर तर आम्ही रोज हवा मारून साफ करतो." मारतात, खरं आहे. पण कुठून मारतात? बहुतेक मशीनमध्ये ऑइल कूलर आणि पाण्याचा रेडिएटर एकामागे एक बसवलेले असतात. एसीचा कंडेन्सर असला तर तिसरा थर. बाहेरची जाळी स्वच्छ दिसते, आतल्या बाजूने रेडिएटरही बरा दिसतो, आणि दोघांच्या मधल्या बोटभर फटीत रुईचा चांगला जाड नमदा बसलेला असतो. बाहेरून हवा मारली की तो नमदा आणखी घट्ट दाबला जातो. कूलरचे बोल्ट काढून त्याला पुढे झुकवल्याशिवाय तो दिसतच नाही. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि त्याला हातमजुरीशिवाय खर्च नाही. गिअरबॉक्स खाली उतरवायचा निर्णय घेण्याआधी एवढं करा, अशी माझी प्रत्येकाला विनंती असते.

साफ करताना हवा किंवा पाणी फॅनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारायचं, म्हणजे आत शिरलेली घाण आली तशी परत जाते. वॉशिंग सेंटरचं प्रेशर जवळून आणि तिरकं मारलं तर फिन्स आडव्या पडतात आणि मग तो भाग कायमचा बंद. थर तेलकट असेल तर आधी डिग्रीझर किंवा साबणाचं पाणी मुरू द्या. त्याच वेळी फॅनभोवतीचं कव्हर जागेवर आहे का बघा. कधीतरी तुटलं म्हणून काढून टाकलेलं असतं, आणि कव्हर नसलं की फॅन समोरून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच घोळवत बसतो. बेल्ट सैल असेल तरी तोच परिणाम. इंजिनचं काम होऊन आलेल्या मशीनवर फॅन उलटा बसवलेलाही सापडतो. कागदाचा तुकडा जाळीजवळ धरा, तो चिकटतो की उडतो यावरून लगेच कळतं. मात्र हवा कोणत्या दिशेने जायला हवी हे तुमच्या मशीनचं आधी माहीत करून घ्या.

गिअरबॉक्सला हात लावण्याआधी विचारायचे प्रश्न

ओढ हळूहळू जाते की फटकन? हा पहिला प्रश्न. तासाभरात कमी कमी होत गेली तर ऑइल, उष्णता, प्रेशर यांचं काम. चालता चालता अचानक न्यूट्रलला गेल्यासारखं झालं आणि तसंच अचानक परत आलं, तर आधी वायरिंगकडे बघा. फॉरवर्ड-रिव्हर्सच्या सोलेनॉइडचा कॉइल गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, त्यात जोडणीत गंज असेल तर व्होल्टेज आणखी कमी पडतं. गिअरच्या दांड्यावरचं डंप बटण (दाबलं की चाकांकडची ताकद तुटते ते) मातीने अर्धवट दाबलेलं राहणं, हँडब्रेकचा स्विच अडकणं, ही दुखणी फुकटात बरी होणारी आहेत. यांच्यापायी खोललेले गिअरबॉक्स मी पाहिले आहेत.

दुसरा प्रश्न, ढिगात ओढत नाही की रस्त्यावर पळत नाही? ढिगात ठीक घुसतं, पण एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना, समजा धुळे-जळगाव हायवेवर, वरच्या गिअरला वेगच धरत नाही आणि वर तापतं, तर संशय स्टेटरवर घ्या. स्टेटरच्या आत एकाच दिशेने फिरू देणारा क्लच असतो. वेग आला की स्टेटरने मोकळं फिरायला हवं. तो जाम झाला तर वेगात ऑइलच्या वाटेत आडवा उभा राहतो. यात स्टॉल टेस्टचा (चाकं अडवून पूर्ण रेस दिल्यावर इंजिन किती आरपीएमवर अडतं ते मोजण्याचा, कृती पुढे दिली आहे) आकडा अगदी बरोबर येतो, म्हणून भले भले फसतात. याच्या उलट, तो क्लच दोन्ही दिशांना घसरू लागला तर टॉर्क वाढवायचं कामच बंद पडतं. मशीन रस्त्यावर बरं पळतं, पण ढिगात घुसत नाही, आणि सकाळच्या गारव्यातही घुसत नाही. सकाळी ठीक, दुपारी नाही, या तक्रारीत स्टेटर क्वचितच दोषी असतो.

मग ऑइल. डिपस्टिक इंजिन चालू ठेवून बघायची की बंद करून, हे मशीनप्रमाणे बदलतं. चुकीच्या पद्धतीने बघितलं तर पातळी लिटर-दोन लिटरने फसवते. कमी ऑइल वाईट हे सगळ्यांना ठाऊक असतं, जास्त ऑइलही तितकंच वाईट हे मात्र कुणी मनावर घेत नाही. गिअर त्यात घुसळतात, फेस होतो, फेसाळ ऑइल प्रेशर धरत नाही आणि उष्णताही नीट वाहून नेत नाही. रंग बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. तापी-गिरणेच्या पात्रात काम करून आलेल्या मशीनला ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवेच्या भोकातून, शिरतं. ज्यांचा ऑइल कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो त्यांना कूलर आतून फुटूनही शिरतं. पाण्याने आणि कूलंटने क्लच प्लेटचं फायबर सुटायला लागतं, म्हणून दुधाळ ऑइलवर "हा आठवडा काढून घेऊ" म्हणू नका. काळं आणि जळका वास असेल तर फायबर जळून झालेलं आहे.

ऑइल कोणतं, यावर गावागावात भांडणं आहेत. कुणी इंजिन ऑइल टाकतो, कुणी हायड्रॉलिकचं 68 ओततो, कारण ड्रम जवळ असतो. ऑइलमध्ये बुडून चालणाऱ्या ओल्या क्लचला आणि गिअर जुळवणाऱ्या सिंक्रोच्या रिंगांना ठरावीक घर्षणाचं ऑइल लागतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं टाका, "उन्हाळ्यासाठी जरा जाड" वगैरे स्वतःचं डोकं नको. जाड ऑइलने सकाळी पंपाला ओढायला त्रास होतो, आणि कूलरच्या बारीक नळ्यांतून ते कमी जातं.

आकडे गरम असतानाच घ्या

सकाळी सातला गॅरेजमध्ये मशीन आणतात आणि सगळं तपासून "ओके आहे" म्हणून परत पाठवतात. ज्याला दुपारी ताप येतो त्याला सकाळी तपासून काय मिळणार? तपासणी कामावर, तक्रार चालू असताना व्हायला हवी.

पहिलं तापमान. इन्फ्रारेड गन आता कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. चकचकीत धातूवर ती चुकीचा, बराच कमी आकडा दाखवते, म्हणून मोजायच्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि तिच्यावर नेम धरा. कूलरकडे जाणारी नळी आणि कूलरमधून परत येणारी नळी, दोन्ही मोजा. काम चालू असताना ऑइल साधारण 80 ते 100 अंशांत राहायला हवं. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं ऑइल 120 च्या पुढे जाऊ लागलं की काम थांबवा, कारण तिथून पुढे रबरी सीलं कडक व्हायला लागतात आणि ऑइलचं आयुष्य भराभर घटतं.

दोन नळ्यांतला फरक बरंच काही बोलतो. दोन्ही जवळपास सारख्याच तापलेल्या असतील तर ऑइल जातंय पण थंड होत नाही. म्हणजे हवेची बाजू बुजलेली, फॅन कमजोर, किंवा बायपास व्हॉल्व्हमुळे ऑइल कूलर टाळून चाललंय. आत जाणारी भाजणारी आणि बाहेर येणारी जवळजवळ कोमट असेल, तर लोकांना वाटतं कूलर फारच छान काम करतोय. प्रत्यक्षात कूलर आतून चोंदलेला असतो. ऑइल थेंबाथेंबाने जातंय, म्हणून एवढं थंड होतंय. आधीच्या कन्व्हर्टरचा चुरा ज्या कूलरमध्ये अडकलाय, तिथे नेमकं हेच दिसतं.

दुसरी स्टॉल टेस्ट. ही करायला माहितगार माणूस हवा, आणि मशीनच्या पुढे-मागे कुणीही उभं राहता कामा नये. सपाट जागा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, बकेट जमिनीला टेकलेली. बऱ्याच मशीनवर हँडब्रेक ओढलेला असताना ड्राइव्ह लागतच नाही, म्हणून पायाच्या ब्रेकवर धरावं लागतं. ब्रेकची खात्री नसेल तर टेस्ट करू नका. मॅन्युअलमध्ये दिलेला गिअर टाका. तो सहसा वरचा असतो, म्हणजे चाकांवर जोर कमी येतो आणि ब्रेक धरून राहतात. फॉरवर्ड, पूर्ण रेस, आरपीएम स्थिरावले की वाचा आणि सोडा. दहा सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, का ते वरच्या हिशेबात आलंच आहे. मग न्यूट्रलमध्ये हजार-बाराशेवर दोन मिनिटं चालू ठेवा आणि तेच रिव्हर्समध्ये करा.

ही टेस्ट सकाळी एकदा आणि दुपारी तक्रार सुरू झाल्यावर एकदा, अशी दोनदा करा. मॅन्युअल 2000 म्हणत असेल आणि दोन्ही वेळा त्याच्या आसपास येत असेल, तर कन्व्हर्टर आणि क्लच यांना दोष देऊ नका. सकाळी 2000 आणि दुपारी 2200 किंवा त्याहून वर, याचा अर्थ पातळ झालेलं ऑइल कुठेतरी गळतंय आणि प्लेट घसरतायत. फक्त फॉरवर्डला वाढत असेल तर फॉरवर्ड क्लचचं सील किंवा प्लेट. दोन्हीकडे वाढत असेल तर पंप, सक्शनची जाळी, प्रेशर व्हॉल्व्ह किंवा फेसाळ ऑइल. सकाळ-दुपार दोन्ही वेळा कमी येत असेल तर इंजिन अशक्त आहे, नाहीतर स्टेटर घसरतोय. हे दोन वेगळे करणं सोपं आहे. न्यूट्रलमध्ये पूर्ण रेस ठेवून लोडरचा हायड्रॉलिक रिलीफ वाजवा, म्हणजे बकेट शेवटाला टेकली तरी दांडा धरून ठेवा. तिथेही इंजिन नेहमीपेक्षा जास्त बसत असेल तर एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, पंप, टर्बो असेल तर तो, अशी इंजिनची बाजू धरा. हायड्रॉलिकला इंजिन तगडं आणि फक्त कन्व्हर्टरवर मान टाकत असेल, तर स्टेटर.

किती कमी म्हणजे किती अशक्त, याचाही नियम आहे. स्टॉलचे आरपीएम इंजिनच्या टॉर्कच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतात. टॉर्क 20 टक्के घटला तर आरपीएम दहाएक टक्केच घटतात, 2000 चे 1800. म्हणून 200 आरपीएमची घट "किरकोळ" म्हणून सोडू नका, तिच्यामागे इंजिनचा पाचवा हिस्सा गेलेला असतो. स्टेटर घसरतो तेव्हा घट याहून मोठी, तिसऱ्या हिश्शापर्यंत जाते.

तिसरं प्रेशर. टेस्ट पोर्टला गेज लावा आणि थंड-गरम दोन्ही आकडे लिहून ठेवा. थंडला बरोबर आणि गरमला पडतंय, तर पंप झिजलाय किंवा क्लचच्या सीलिंग रिंगा गेल्यात. त्याआधी सक्शनची जाळी काढून धुवा. गरम झाल्यावर पंपाकडून रडल्यासारखा आवाज येत असेल तर जाळी किंवा सक्शनचा होस पाइप आतून सोललेला असण्याची शक्यता मोठी.

आणि फिल्टर फेकू नका, कापा. कागदाच्या घड्या उलगडून पांढऱ्या फडक्यावर पसरा. काळा भुसा म्हणजे क्लच प्लेटचं फायबर. पिवळसर चकाकी म्हणजे सिंक्रोच्या रिंगा किंवा बुश. लोहचुंबकाला चिकटणारे पापुद्रे म्हणजे बेअरिंग किंवा गिअर. चुंबकाला न चिकटणारी करडी चमक दिसली, आणि तुमच्या कन्व्हर्टरची पाती ॲल्युमिनियमची असतील, तर मात्र कन्व्हर्टर उतरवायला हरकत नाही.

कन्व्हर्टर बदलायचाच ठरला तर

भंगार बाजारातून जुना कन्व्हर्टर आणताना लोक व्यास आणि बोल्टची भोकं जुळवतात आणि निघतात. बाहेरून हुबेहूब असलेल्या दोन कन्व्हर्टरांच्या आत पात्यांचा कोन वेगळा असू शकतो, स्टेटर वेगळा असू शकतो, आणि मग स्टॉल वेगळा. कोड नंबर जुळलाच पाहिजे. स्टॉल फार वरचा असलेला कन्व्हर्टर लागला तर प्रत्येक ठोकरीला इंजिन जास्त पळतं, चाकं कमी फिरतात आणि फरक उष्णतेत जातो. फार खालचा लागला तर इंजिन दबून राहतं, धूर काढतं आणि हायड्रॉलिकही मंद होतं.

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसवाल्यांचं सगळं डोकं याच एका निवडीत जातं. त्यांना गाडी सुटतानाच इंजिन आपल्या जोरकस आरपीएमवर हवं असतं, म्हणून ते लहान व्यासाचा, वरच्या स्टॉलचा कन्व्हर्टर घेतात. पण नायट्रसची, म्हणजे इंजिनचा जोर काही क्षण वाढवणाऱ्या वायूची, बाटली असेल तर तोच कन्व्हर्टर चालत नाही. नायट्रसने टॉर्क 40 टक्के वाढला तर वर्गमुळाच्या त्याच नियमाने 4000 चा स्टॉल 4700 च्या पुढे पळतो आणि गाडीऐवजी ऑइलच ढवळत बसतो. म्हणून नायट्रसवाले मुद्दाम जास्त घट्ट, म्हणजे खालच्या स्टॉलचा, कन्व्हर्टर बांधून घेतात, बाटली उघडली की स्टॉल हवा तिथे येऊन बसावा असा. त्यांची शर्यत काही सेकंदांत संपते, पुढच्या फेरीपर्यंत ऑइल थंड करायला वेळ असतो. आपल्याला दहा तास काढायचे असतात. पंपवाल्याकडून डिझेल वाढवून घेतलेल्या मशीनलाही हाच नियम लागू आहे. स्टॉल वर जातो, उष्णता वाढते, आणि कूलर मात्र कंपनीने दिला तेवढाच राहतो. "जोर वाढवून घेतला" म्हणणारे मालक पुढच्या मे महिन्यात तापण्याची तक्रार घेऊन येतात, त्यात नवल काही नाही.

बसवताना कन्व्हर्टरमध्ये आधी ऑइल भरा. त्याचा हब पंपाच्या गिअरमध्ये पूर्ण बसल्याची खात्री करा. हाताने फिरवत आत ढकलला की टप्प्याटप्प्याने तो आत जातो. गिअरबॉक्स इंजिनला भिडवल्यावर कन्व्हर्टर आणि ड्राइव्ह प्लेट यांच्यात थोडी फट राहायला हवी आणि कन्व्हर्टर हाताने फिरायला हवा. फट नसेल, किंवा बोल्ट आवळूनच दोन्ही हाउसिंग जवळ आणावी लागत असतील, तर थांबा. तसंच आवळलं तर पंप पहिल्या स्टार्टलाच फुटतो. ड्राइव्ह प्लेटवर बोल्टच्या भोकांभोवती केसासारखी भेग नाही ना, हेही याच वेळी बघून घ्या.

आता सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. जुन्या कन्व्हर्टरचा आणि प्लेटचा चुरा कूलरमध्ये आणि त्याच्या नळ्यांत असतो. तो तिथेच ठेवून नवा कन्व्हर्टर चालू केला की काही चुरा सुटून परत गिअरबॉक्समध्ये येतो आणि उरलेला कूलर चोंदून ठेवतो. पुढच्या उन्हाळ्यात मालक पुन्हा फोन करतो तो यामुळे. नळ्या काढून वेगळ्या धुवा, कूलर ऑइल वाहतं त्याच्या उलट दिशेने फ्लशिंग ऑइलने धुवा, मग हवा. बाहेर पडणारं ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळा आणि फडकं स्वच्छ येईपर्यंत धूत राहा. बारीक नळ्यांच्या कूलरमध्ये धातूचा चुरा भरपूर गेला असेल तर तो धुऊन निघत नाही. तिथे नवा कूलर घ्या, तो दुसऱ्या कन्व्हर्टरपेक्षा स्वस्तच पडतो.

ऑपरेटरबद्दल थोडं. ढीग फोडायचा तो पहिल्या गिअरला. दुसऱ्या-तिसऱ्याला घुसायची सवय असलेला माणूस कन्व्हर्टरला सतत स्टॉलच्या जवळ ठेवतो. चाकं थांबली की रेस धरून रेटायचं नाही, बकेट थोडी वळवून-उचलून ढिगातून सोडवायची. बकेट उचलताना डंप बटण वापरलं की इंजिनची ताकद हायड्रॉलिकला मिळते आणि कन्व्हर्टरला दम घ्यायला वेळ मिळतो. चढावर ट्रॉलीची वाट बघत उभं राहताना ब्रेकऐवजी रेसवर मशीन तोलणारे पुष्कळ आहेत, त्यांना समजावून सांगा. मशीन तापलंय असं वाटलं तर लगेच बंद करू नका. न्यूट्रलमध्ये हजार-बाराशे आरपीएमवर चालू ठेवा, म्हणजे फॅनही फिरतो आणि ऑइलही कूलरमधून जात राहतं. मे महिन्यात गाळाचं काम पहाटे पाच ते अकरा आणि चारनंतर अंधार पडेपर्यंत ठेवलं, तर दिवसाच्या ट्रॉल्या फारशा कमी होत नाहीत.

नवा कन्व्हर्टर बसवल्यावर पहिल्या 50 तासांनी फिल्टर काढा आणि तोही कापून बघा. थोडा काळा भुसा चालतो, नव्या प्लेट बसत असतात. करडी किंवा पिवळी चकाकी दिसली तर मशीन कामावर पाठवायच्या आधी कूलरच्या दोन्ही नळ्या पुन्हा सोडा आणि त्यातून काय पडतं ते फडक्यावर घ्या.